डिझेल हायब्रिड एसयूव्ही: बॅटरीला हवे थांबे, फिल्टरला हवी धाव

अडीच टनांची एसयूव्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्यात साधारण २४० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ती सगळी डिस्क आणि पॅड तापवण्यात जाते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि शहरातल्या हलक्या लोडवर इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. या हिशेबाने एक थांबा २७ मिलिलिटर डिझेलला पडतो. वांद्र्याहून बोरिवलीला एसव्ही रोडने जाताना असे वीस थांबे सहज होतात, म्हणजे अर्धा लिटर नुसता ब्रेकमध्ये. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला की तीन लिटरचं इंजिन तासाला लिटरभराच्या आसपास पितं, ते वेगळंच.

हायब्रिडला, म्हणजे इंजिनच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेल्या गाडीला, वाचवायच्या आहेत त्या याच दोन गोष्टी. बाकी सगळं, म्हणजे बॅजवरचा निळा रंग आणि पडद्यावर फिरणारे बाण, शोरूमसाठी.

आपल्याकडे ‘डिझेल हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या एसयूव्ही बहुतेक ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिड आहेत. मर्सिडीज जीएलई ४५०डी घ्या. सहा सिलिंडरचं तीन लिटर डिझेल, ३६७ अश्वशक्ती, ७५० न्यूटन-मीटर टॉर्क. त्याच्या जोडीला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेली २० अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटची मोटर. रेंज रोव्हरच्या तीन लिटर डिझेलमध्ये मोटर इंजिनला पट्ट्याने जोडलेली असते. या गाड्या नुसत्या विजेवर प्रवास करत नाहीत. मोटर इंजिनला ढकलते, ब्रेक मारताना जनरेटर होते आणि बंद इंजिन पटकन फिरवते. बॅटरी एक किलोवॅट-तासाच्या आतबाहेरची.

दुसरा प्रकार प्लग-इनचा: मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करायची आणि नुसत्या विजेवरही बरंच अंतर जायचं. युरोपात विकलेल्या जीएलई ३५०डीई मध्ये दोन लिटर डिझेल, १०० किलोवॅटची मोटर आणि ३१.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. ऑडी क्यू७ ई-ट्रॉनमध्ये तीन लिटर डिझेलबरोबर १७.३ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवली आणि तिला जागा करून देताना तिसरी रांग गेली.

आता ब्रेककडे परत येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. ५० च्या वेगावरून सहा सेकंदांत गाडी थांबवली तर सरासरी ४० किलोवॅट दराने ऊर्जा बाहेर पडते. १५ किलोवॅटची मोटर त्यातली फार तर ९० किलोज्यूल पकडेल, बाकीची दीडशे पॅडमध्ये. तोच थांबा वीस सेकंदांवर ताणला तर सरासरी १२ किलोवॅटवर येते आणि बरीचशी ऊर्जा मोटरच्या आवाक्यात बसते. पकडलेल्यातलीही येताजाता पाव भागापर्यंत गळतेच. वीस सेकंदांत थांबायचं तर पुढे १४० मीटर मोकळा रस्ता हवा, आणि मुंबईत एवढ्या जागेत तीन रिक्षा आणि एक बेस्टची बस मावते. तेव्हा दहा-बारा सेकंदांवर समाधान मानावं. समोर लाल दिवा दिसला की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून लवकर काढायचा आणि ब्रेक हलका, पण लवकर धरायचा. एकाच मॉडेलच्या दोन मालकांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये जो फरक पडतो त्याचा मोठा वाटा इथे असतो.

चालवताना पहिल्यांदा जाणवतं ते इंजिनचं सुरू होणं. साध्या डिझेलमध्ये स्टार्टर इंजिनला कसंबसं फिरवतो, इंधन पेटतं आणि अख्खी गाडी हलते. इथे मोटर इंजिनला आयडलच्या वेगापर्यंत नेते आणि मग डिझेल फवारलं जातं, त्यामुळे तो गचका जवळजवळ नाहीसा होतो. दुसरी गोष्ट पिकअपची. टर्बोला हवा भरायला क्षणभर लागतो. तेवढ्या वेळात मोटरचा शून्य आरपीएमपासून मिळणारा टॉर्क ती पोकळी भरून काढतो. बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगचा चढ रांगत चढताना हे चांगलं कळतं. टर्बो मागे पडलेल्या त्याच क्षणी डिझेल सर्वात जास्त काजळी सोडतं, म्हणून मोटरची मदत धुरालाही उपकारक ठरते.

ब्रेक मात्र तपासून घ्यावेत. शेवटच्या दहा किलोमीटर वेगात मोटर सोडते आणि डिस्क पकडते; हा बदल नीट जुळवलेला नसेल तर गाडी थांबता थांबता अचानक जास्त दबते किंवा निसटल्यासारखी वाटते. टेस्ट ड्राइव्हला कोस्टल रोडवर ८० ने पळवून काही कळत नाही. दादर-परळच्या गर्दीत अर्धा तास काढा, मुद्दाम दुपारी, एसी पूर्ण ठेवून. कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालणारा असेल तर इंजिन बंद होताच थंडावा बसतो, मिनिटभरात दमट हवा यायला लागते आणि गाडी स्वतःच इंजिन चालू करते. विजेवरचा कॉम्प्रेसर असेल तर ही कटकट नाही. मे महिन्यात मुंबईत हा फरक अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

पूर्ण डिझेल हायब्रिड, म्हणजे थोडं अंतर नुसत्या विजेवर जाणाऱ्या, लक्झरी एसयूव्हीचं मुंबईशी एक जुनं नातं आहे. २०१३ मध्ये इंग्लंडातल्या सोलिहलच्या कारखान्यातून तीन रेंज रोव्हर हायब्रिड निघाल्या आणि जुन्या रेशीम मार्गाने, मध्य आशिया, तिबेट, नेपाळ करत सुमारे १६,००० किलोमीटर कापून मुंबईला आल्या. मुंबईच का, तर २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली होती. त्या गाडीत तीन लिटर व्ही-६ डिझेल, ३५ किलोवॅटची मोटर आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. एकत्रित ताकद ३४० अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन-मीटर, म्हणजे ४.४ लिटरच्या व्ही-८ डिझेलच्या बरोबरीची. नुसत्या विजेवर ताशी ४८ किलोमीटरपर्यंत, आणि तेही दीडेक किलोमीटरच.

तरीही २०१७ मध्ये आलेली प्लग-इन रेंज रोव्हर पेट्रोलवर होती. कारण साधं आहे. पेट्रोल इंजिन कमी लोडवर हवा अडवून चालतं आणि तिथे त्याची कार्यक्षमता कोसळते. हायब्रिड नेमकं तेच दुखणं झाकतं. डिझेलला कमी लोडवर हवा तशी अडवावी लागत नाही, त्यामुळे वाचवण्यासारखं मुळातच कमी उरतं. वर टर्बो, दोन हजार बारच्या पुढच्या दाबाने होणारं डिझेलचं इंजेक्शन, धूर साफ करणारी यंत्रणा, आणि त्यावर मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर. एका गाडीत दोन महागड्या गाड्यांचा खर्च.

यापेक्षा अवघड अडचण सायलेन्सरच्या बाजूला आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, लागतो. त्याच्या सच्छिद्र भिंतींतून धूर आरपार जातो, काजळी आत राहते. ती साठली की जाळावी लागते, आणि त्याला ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान हवं. गर्दीत सरपटणाऱ्या डिझेलचा धूर दोनशे अंशांच्या आसपासच घुटमळतो. मग इंजिनचा संगणक ज्वलन झाल्यावर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढच्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टर तापतो. हे रीजनरेशन दहा ते वीस मिनिटं चालतं आणि मध्ये तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता हायब्रिड काय करतं? दर सिग्नलला इंजिन बंद. मोटरने भार उचलला की इंजिनवरचा लोड कमी, धूर आणखी गार. बॅटरीला जे हवं ते फिल्टरला सोसत नाही. म्हणून रीजनरेशन चालू असताना गाडी सिग्नलला इंजिन बंद करत नाही, आयडल थोडं चढं ठेवते, बोनेटखालचा पंखा जोरात फिरतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. ‘हायब्रिड चालत नाही’ म्हणून वर्कशॉपला आणलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये एवढंच घडत असतं. हुशार प्रणालीत मोटर इथे उलटी कामाला येते: ती जनरेटर होऊन इंजिनवर मुद्दाम भार टाकते, म्हणजे धूर लवकर तापतो.

रीजनरेशन वारंवार तुटलं की जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. पातळी वाढली म्हणजे चांगलं, असं समजू नये. कमाल खुणेच्या वर गेली तर ऑइल बदलायलाच हवं. नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते, पातळी पडद्यावर बघावी लागते. ती महिन्यातून एकदा बघा. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच कमी राखेच्या प्रतीचं घ्या, कारण काजळी जळते पण ऑइलमधल्या घटकांची राख जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची बसते.

डीपीएफचा दिवा लागला तर उपाय रस्त्यावरच आहे. शिवडीहून अटल सेतूवर चढा. २१.८ किलोमीटर, सिग्नल नाही, कमाल वेग ताशी १००. गिअर एक-दोन खाली ठेवून इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास राहू द्या. पूल पार करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि पलीकडच्या टोकाला चिर्ल्यापुढे आणखी पाच-दहा मिनिटं मिळाली की काम होतं. दिवा लागून आठवडे गेले तर गाडी ताकद कापते, मग वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जबरदस्तीचं रीजनरेशन करावं लागतं. प्लग-इनवाल्यांनी आणखी एक पाळावं: ईस्टर्न फ्रीवेवर चढायच्या दोन-तीन किलोमीटर आधी हायब्रिड मोड लावून इंजिन गरम करून घ्यावं. आठवडाभर झोपलेलं थंड डिझेल थेट पूर्ण जोरात जुंपणं त्याला मानवत नाही.

धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला वापरलं जाणारं अ‍ॅडब्लू, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, संपलं तर गाडी आधी इशारे देते आणि शेवटी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. कॅन उन्हात ठेवू नये, उष्णतेने द्रावण खराब होतं.

खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरीचा आकार कळतो. साडेपाचशे मीटर खाली येताना अडीच टनांची गाडी १३ मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा सोडते. टायर आणि हवेचं घर्षण वजा जाता दोन-अडीच किलोवॅट-तास उरतात. एक किलोवॅट-तासाची बॅटरी अर्ध्या घाटातच भरते आणि पुढे मोटरचा ब्रेक गायब होतो. डिझेलचं इंजिन ब्रेकिंग पेट्रोलपेक्षा दुबळं, म्हणून सुरुवातीपासून स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या. प्लग-इन असेल तर लोणावळ्याला बॅटरी पूर्ण भरून निघणं वाया जातं.

पावसाळ्यात मिलन सबवे किंवा हिंदमाताला पाणी दिसलं तर आत शिरण्याआधी ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद करा. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या स्टार्टरपेक्षा हायब्रिडची मोटर कितीतरी जोरकस, तेव्हा बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्नच नको. ४८ व्होल्टचा शॉक जिवावर बेतेल असा नसतो. प्लग-इनच्या नारिंगी केबल शेकडो व्होल्टच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

खरेदीआधी एक काम सोसायटीत करा. पझल किंवा स्टॅक पार्किंगच्या, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवणाऱ्या पार्किंगच्या, पाटीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याच ठिकाणी २,००० ते २,५०० किलो. या एसयूव्ही रिकाम्याच त्याच्या काठावर किंवा पलीकडे असतात. आरसीवरचं वजन, पाटीवरचा आकडा आणि गाडी ठेवायच्या पाळण्याची रुंदी, तिन्ही जुळल्यावरच टोकन द्या.