कूपन कोड आणि दुसरी घटनादुरुस्ती: अमेरिकेतल्या गन यूट्यूबर्सची मागची गोष्ट

अमेरिकेतले गन चॅनेल्स मी बरीच वर्षं बघतोय (बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही, पण जुनी रायफल टेबलावर उघडून आतलं दाखवतात ते बघायला मजा येते), आणि तिथल्या प्रेक्षकांमध्ये एक भांडण कायमचं आहे, की हा माणूस मनापासून हक्काचं (म्हणजे अमेरिकन घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतल्या शस्त्र बाळगायच्या हक्काचं) बोलतोय की स्पॉन्सरचं? कारण एकाच दमात तो सांगतो की सरकार आपला हक्क हिसकावतंय, आणि पुढच्या वाक्यात अमुक कंपनीचं ऑप्टिक (बंदुकीवर बसवायची नेम धरायची दुर्बीण) घ्या, माझा कोड टाका, सूट मिळेल. लोकांना वाटतं हे सगळं यूट्यूबनं बिघडवलं. मला नाही तसं वाटत, दुकान आणि चळवळ तिथे आधीपासूनच एका वाड्यात राहतात.

नॅशनल रायफल असोसिएशन म्हणजे एनआरए, बंदूकवाल्यांची तिथली मोठी संघटना, निघाली 1871 मध्ये, यादवी युद्धातल्या सैनिकांना धड नेम धरता येत नव्हता म्हणून. कट्टर राजकारण मुख्यतः 1977 नंतर आलं, सिनसिनाटीच्या अधिवेशनात सभासदांनी जुनी मंडळी हटवली तेव्हापासून. आणि धंद्याशी लग्न किती पक्कं होतं याचा नमुना म्हणजे 1992 पासून मिडवेयूएसए या विक्रेत्यानं चालवलेली राउंड-अप स्कीम, गोळ्या किंवा सुट्टे भाग मागवले की बिलाची रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवायची आणि वरची चिल्लर एनआरएच्या खात्यात. म्हणजे खरेदी हीच देणगी. मासिकांचंही तेच, ज्या कंपनीची जाहिरात मागच्या पानावर तिच्याच पिस्तुलाचा रिव्ह्यू आतल्या पानावर.

आता खरी गंमत. या जगात पैसे घेतले म्हणून गदारोळ झाल्याची उदाहरणं कमी, वेगळं बोलला म्हणून उठवल्याची भरपूर. 2000 साली स्मिथ अँड वेसन कंपनीनं क्लिंटन सरकारशी करार केला, बंदुकांना लॉक द्यायचं, विक्रेत्यांवर अटी घालायच्या वगैरे, तर गिऱ्हाइकांनी असा बहिष्कार टाकला की 2001 मध्ये मालकानं ही नावाजलेली कंपनी दीड कोटी डॉलरला विकून टाकली, जी 1987 मध्ये अकरा कोटींच्या वर देऊन घेतली होती. मग 2007 मध्ये जिम झुंबो, शिकारीवर अनेक दशकं लिहिणारा माणूस, त्यानं ब्लॉगवर लिहिलं की एआर-15 सारख्या (लष्करी धाटणीच्या, पण दर गोळीला ट्रिगर दाबावा लागणाऱ्या) रायफलींचं शिकारीत काही काम नाही, आणि त्यांना दहशतवाद्यांच्या रायफली म्हटलं. काही दिवसांत रेमिंग्टन या बंदूक कंपनीनं स्पॉन्सरशिप काढली, टीव्ही शो थांबला, मासिकाचं कामही गेलं. 2013 मध्ये गन्स अँड अ‍ॅमो मासिकात डिक मेटकाफनं एवढंच लिहिलं की घटनेतल्या सगळ्याच हक्कांवर नियम असतात, त्यालाही घरी बसवलं आणि संपादकानंही माफी मागून खुर्ची सोडली.

म्हणून ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. कंपनी लेखकाला दाबते खरं, पण कंपनी स्वतः गिऱ्हाइकाला घाबरून असते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे तोच प्रेक्षक जो नंतर विचारतो की हा विकला गेलाय का.

यूट्यूबवर आधी आले हिकॉक45 सारखे लोक, निवांत आजोबा, घराशेजारच्या रेंजवर लोखंडी टार्गेट ठणठण वाजवणारे. कोलियन नॉर हा टेक्सासमधला वकील, स्वतःचं चॅनेल काढून गाजला, 2013 मध्ये एनआरएनं त्याला आपल्याकडे घेतलं. पुढे 2016 मध्ये एनआरएटीव्ही सुरू झालं, ते चालवायची अ‍ॅकरमन मॅक्वीन ही जाहिरात एजन्सी, आणि पडद्यावर हक्कासाठी तावातावानं बोलणाऱ्या डेना लॉशसारख्या चेहऱ्यांचा पगार निघायचा तो याच एजन्सीतून. 2019 मध्ये एनआरए आणि एजन्सी कोर्टात भांडले, जूनमध्ये चॅनेल बंद. इथे अ‍ॅडव्होकसी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते हे कोणी सांगावं?

मधल्या काळात प्लॅटफॉर्मवाल्यांनी दारं लावायला घेतली. गूगल-फेसबुकवर बंदुकीची जाहिरात चालत नव्हतीच, पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर मार्च 2018 मध्ये यूट्यूबनं बंदुका आणि काही अ‍ॅक्सेसरीज विकणाऱ्या साइट्सच्या लिंक देणाऱ्या व्हिडिओंवर बंदी आणली, डिसेंबर 2019 मध्ये इन्स्टाग्रामनं शस्त्रांचं पेड प्रमोशन बंद करायचं जाहीर केलं. परिणाम उलटाच झाला असं माझं मत. कंपनीला सरळ जाहिरात देता येत नाही, मग उरतो कोण तर क्रिएटर, आणि व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे बंद झालेल्या क्रिएटरला उरतं कोण तर कंपनी. दोघांनाही एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. पैसे घेतले तर तसं सांगा हा फेडरल ट्रेड कमिशनचा (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम ब्लॉगर्सना 2009 पासून स्पष्टपणे लागू आहे, पण मत आणि माल एकाच वाक्यात असेल तर सांगून तरी काय कळणार.

याचं टोक म्हणजे ऑटो की कार्ड. स्टीलचं एक छोटं कार्ड, त्यावर कोरलेली आकृती, विकणारा म्हणायचा नुसती शोभेची वस्तू आहे, गप्पांना विषय. सरकारचं म्हणणं की तो आकार कापून काढला की एआर-15 मशीनगन होते. विस्कॉन्सिनचा एक यूट्यूबर, चॅनेल सीआरएस फायरआर्म्स, पैसे घेऊन त्याची जाहिरात करायचा. 2023 मध्ये जॅक्सनव्हिलच्या कोर्टात ज्युरीनं त्याला आणि विक्रेत्याला दोषी ठरवलं, यूट्यूबरला पाच वर्षं. चाहत्यांच्या लेखी तो बोलण्याच्या आणि बंदुकीच्या अशा दोन्ही हक्कांसाठी तुरुंगात गेलेला माणूस, सरकारी वकिलांच्या लेखी पैसे घेऊन बेकायदा माल खपवणारा एजंट, आणि व्हिडिओ दोघांकडे तेच.

सगळेच असे नाहीत. इनरेंजटीव्ही या गन चॅनेलनं स्पॉन्सर घ्यायचाच नाही असं ठरवलं, फक्त प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालवायचं. यूट्यूबचे 2018 चे नियम आले तेव्हा चिडून त्यांनी आपले व्हिडिओ थेट पॉर्नहबवर टाकले होते, तिथेही पैसे कमवायचे नाहीत असं सांगून.