ऊर्जा व वाहतूक प्रकल्पांतील अभिकल्प गुणवत्ता

वीजवाहिन्या, वीजकेंद्रे, रेल्वेमार्ग, पूल यांसारखी बांधकामे आपले तांत्रिक काम चोख करीत असतानाच भोवतालच्या प्रदेशात कितपत सामावतात, वापरणाऱ्यांना व शेजारच्या रहिवाशांना कितपत सोयीची ठरतात आणि देखभालीला किती सुलभ राहतात, यांवरून त्यांची अभिकल्प (डिझाइन) गुणवत्ता ठरते. ही बाब अनेकदा बाह्य सजावटीची समजली जाते. परंतु मार्ग आणि जागा निश्चित होतानाच तिचा बराचसा निकाल लागलेला असतो व चुकलेली आखणी मागाहून लावलेल्या झाडांनी सुधारत नाही.

ब्रिटनमध्ये 2008 च्या नियोजन कायद्याने राष्ट्रीय धोरणे आखताना चांगल्या अभिकल्पाचा विचार करणे मंत्र्यांवर बंधनकारक केले. तेथील राष्ट्रीय पायाभूत सुविधा आयोगाने 2020 मध्ये हवामान, लोक, स्थळ आणि मूल्य ही चार तत्त्वे मांडली.

विजेच्या मनोऱ्यांचे उदाहरण या विषयातील अडचण नेमकी दाखवते. ब्रिटनमधील जाळीदार पोलादी मनोऱ्याचा नमुना 1920 च्या दशकातला. त्याला पर्याय शोधण्यासाठी 2011 मध्ये स्पर्धा घेण्यात आली आणि डेन्मार्कच्या बिस्ट्रुप या संस्थेचा, एकाच खांबावर आडवे बाहू असलेला नमुना निवडला गेला. सुमारे 35 मीटर उंचीचा हा मनोरा जुन्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने ठेंगणा असून हिंकली पॉइंट अणुवीजकेंद्राच्या वाहिनीसाठी सॉमरसेटमध्ये असे 116 मनोरे उभारण्यात आले. तरीही त्याच्या बाजूने एकमत नाही: जाळीतून आरपार दिसत असल्याने जुना मनोरा दुरून पुसट होतो, तर भरीव पांढरा खांब ठळकपणे नजरेत भरतो, हा आक्षेप अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. याच वाहिनीचा मेंडिप टेकड्यांमधील सुमारे साडेआठ किलोमीटरचा भाग मात्र जमिनीखालून नेला आहे. निसर्गदृश्याच्या दृष्टीने, मनोऱ्याच्या आकारापेक्षा हा निर्णय अधिक परिणामकारक मानावा लागेल.

वाहतुकीच्या क्षेत्रात दक्षिण फ्रान्समधील मियो येथील पुलाची (2004) आखणी विशेष अभ्यसनीय आहे. तार्न नदीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा चढण्याऐवजी महामार्ग एका पठारावरून थेट दुसऱ्या पठारावर नेण्याचे आधी ठरले. अभियंता मिशेल व्हिर्लोजो आणि वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांचे काम त्यावर उभे राहिले. 2,460 मीटर लांबीचा हा पूल केवळ सात खांबांवर तोललेला आहे. प्रत्येक खांब वरच्या भागात दोन सडपातळ शाखांमध्ये विभागला आहे. तापमानानुसार प्रसरण-आकुंचन पावणाऱ्या लांबलचक पोलादी पृष्ठाबरोबर (रस्ता वाहून नेणाऱ्या भागाबरोबर) खांबांना वाकता यावे, यासाठी ती योजना असून पुलाचा डौलही तिच्यातूनच आला आहे.