मौखिक आरोग्याशी निगडित जीवनमान : सातारा-सांगलीतील चिकित्सालयीन संशोधन

दात, हिरड्या, जीभ, जबडा आणि लाळग्रंथी यांच्या स्थितीचा माणसाच्या खाण्यापिण्यावर, बोलण्यावर, झोपेवर, कामावर आणि चारचौघांतल्या वावरावर होणारा परिणाम म्हणजे मौखिक आरोग्याशी निगडित जीवनमान. त्याचे मोजमाप रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून केले जाते. दंतवैद्याला आरशात दिसते ते आणि रुग्णाला जाणवते ते यांत पुष्कळदा तफावत असते. चार किडक्या दाढा घेऊन हिंडणारा शेतकरी ‘तसा काही त्रास नाही’ म्हणतो, तर समोरच्या एका दाताचा टवका उडालेली मुलगी तोंडावर रुमाल धरल्याशिवाय कॉलेजात हसत नाही. उपचार यशस्वी झाला का, हे ठरवताना खड्डा बुजला की नाही याबरोबर या दोघांचे काय बदलले हेही विचारावे लागते. ते विचारण्याची रीत चुकली, तर पुढची सगळी आकडेमोड फुकट जाते.

या विचाराला पाया मिळाला तो डेव्हिड लॉकर यांच्या १९८८ मधील मांडणीने. रोगामुळे अवयवात बिघाड होतो, बिघाडामुळे कार्यावर मर्यादा येते आणि वेदना किंवा अस्वस्थता जाणवते, त्यातून रोजच्या व्यवहारात अक्षमता येते आणि शेवटी समाजातला वावर आक्रसतो, अशी ही साखळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणावर ती बेतलेली होती. साखळी प्रत्येक वेळी शेवटच्या कडीपर्यंत जातेच असे नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे प्रश्न ठेवावे लागतात.

सातारा जिल्ह्यात कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंतविज्ञान महाविद्यालय, आणि सांगली जिल्ह्यात भारती विद्यापीठाचे व कवलापूर येथील वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय या दंतशिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. मिरजेला रुग्णालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉन्लेस मिशन रुग्णालयापासून सुरू होते. दंत महाविद्यालयांत असे संशोधन बव्हंशी एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधांतून होते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यातले पहिले काही महिने विषयाचा आराखडा आणि नीतिसमितीची मंजुरी यांत जातात. साहजिकच रुग्णांचा पाठपुरावा तीन ते सहा महिन्यांवर आवरता घ्यावा लागतो. कवळी दोन वर्षांनी कशी चालते, याचे उत्तर या चौकटीत मिळत नाही.

मोजमापाची साधने

सर्वाधिक वापरात असलेली प्रश्नावली ओएचआयपी (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल). स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ती ४९ प्रश्नांची केली. १९९७ मध्ये स्लेड यांनी तिचे १४ प्रश्नांचे छोटे रूप दिले. सात गटांत प्रत्येकी दोन प्रश्न असतात : कार्यमर्यादा, वेदना, मानसिक अस्वस्थता, शारीरिक अक्षमता, मानसिक अक्षमता, सामाजिक अक्षमता आणि एकूण आयुष्याला आलेली बाधा. ‘कधीच नाही’ला ० आणि ‘अगदी वारंवार’ला ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ५६. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. वृद्धांसाठी अ‍ॅचिसन व डोलन यांनी १९९० मध्ये केलेली गोहाय ही १२ प्रश्नांची यादी आहे आणि तिथे उलटे आहे : बेरीज जास्त म्हणजे आरोग्य चांगले. एकाच प्रबंधात दोन्ही वापरल्या की तक्त्यात चिन्हांचा घोळ होतो. उपचारानंतर दोन्ही गुण ‘वाढले’ असे लिहिलेले आढळले, तर आधी हे तपासावे.

दात नसलेल्यांसाठी ओएचआयपीचे १९ प्रश्नांचे वेगळे रूप २००२ मध्ये आले. ओआयडीपी (१९९७) ही रोजच्या व्यवहारांवरची प्रश्नावली थोडी निराळी आहे. ती खाणे, बोलणे, दात घासणे, झोप, हसणे अशा आठ रोजच्या गोष्टींपुरतीच विचारते, आणि त्रास किती वेळा झाला व किती तीव्र होता यांचा गुणाकार करते. प्रत्येक बाबीला जास्तीत जास्त ५ गुणिले ५ म्हणजे २५, आठ बाबींचे २००. त्याची टक्केवारी काढतात. ग्रामीण भागात ही जास्त सोयीची, कारण ‘तुमचे आयुष्य कमी समाधानकारक वाटले का’ अशा हवेतल्या प्रश्नापेक्षा ‘भाकरी खाताना अडचण आली का’ याचे उत्तर नेमके येते.

रुग्णाच्या सांगण्याच्या जोडीला तपासणीचे निर्देशांक लागतातच : किडलेले, गमावलेले व भरलेले दात मोजणारा डीएमएफटी (१९३८), हिरड्यांसाठी टोकाला अर्धा मिलिमीटरची गोळी असलेला सीपीआय प्रोब (हिरडीतली खोली मोजायची सळई), तोंड किती उघडते हे मोजायला व्हर्नियर. प्रोबवर २० ग्रॅमपेक्षा जास्त दाब नको. जोर लावला की निरोगी हिरडीतही पॉकेट, म्हणजे दात व हिरडीमधली खोल फट, ‘सापडते’. दोन तपासनीस असतील तर त्यांच्यातील मेळ कप्पा या गुणांकाने आधीच तपासतात आणि तो ०.८ च्या वर असावा असा आग्रह धरतात.

कसे विचारायचे

परकी प्रश्नावली मराठीत आणताना दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ प्रश्न न पाहिलेल्याकडून उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक आणि तीस-चाळीस रुग्णांवर चाचणी ही वाट ठरलेली आहे. घाईत पहिल्या पायरीवरच थांबले जाते. मूळ यादीत सफरचंद किंवा घट्ट मांस चावण्याबद्दल विचारलेले असते. इथे त्या जागी ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, उसाचे कांडे हवे. भडंगही चालेल, त्यातल्या शेंगदाण्यांसाठी. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र कुणालाही खाता येतो, त्यावरून काहीच कळत नाही. भाकरीबद्दल विचारताना ती कोरडी की दुधात-आमटीत कुस्करलेली, हे नोंदवावेच लागते. दात गेलेली माणसे वर्षानुवर्षे कुस्करून खातात आणि ‘भाकरी खाता येते’ असेच सांगतात. जत तालुक्यात कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तिथे मराठी प्रश्नावली रेटण्यात अर्थ नाही.

प्रश्न कोण विचारतो, हे त्याहून महत्त्वाचे. वयस्क रुग्णांना स्वतः लिहिणे जमत नसेल तर मुलाखत घेतात, आणि ज्याने कवळी बसवली तोच डॉक्टर समोर बसून विचारू लागला तर आजी ‘लई झ्याक बसलीया’ म्हणणारच. फुकट किंवा सवलतीत उपचार झालेले असले की ही भीड दुप्पट होते. मुलाखत उपचाराशी संबंध नसलेल्या माणसाने, शक्यतो अ‍ॅप्रन न घालता आणि सुनेला किंवा मुलाला जरा बाहेर बसवून घ्यावी. सोबत आलेले नातेवाईक स्वतःच उत्तरे देऊन मोकळे होतात. पाच पर्याय नुसते वाचून दाखवले की ऐकणारा पहिला किंवा शेवटचा निवडतो. त्यापेक्षा ‘आठवड्यातून किती दिवस’ असे विचारून उत्तर पर्यायात बसवणे बरे, फक्त ही पद्धत सर्वांना सारखी लावली पाहिजे. दहा-पंधरा टक्के रुग्णांची दोन आठवड्यांनी पुन्हा मुलाखत घेऊन उत्तरे टिकतात का ते पाहतात. मधल्या काळात कुणावर उपचार झाला असेल तर तो रुग्ण या पडताळणीतून वगळतात.

कालमर्यादा हा आणखी एक खड्डा. मूळ ओएचआयपी मागच्या वर्षभराबद्दल विचारते. उपचारानंतर तिसऱ्या महिन्यात तोच प्रश्न विचारला तर रुग्ण उपचाराआधीचे नऊ महिने धरूनच उत्तर देतो आणि सुधारणा झाकली जाते. उपचारफलाच्या अभ्यासात ‘गेल्या महिन्याभरात’ असे ठेवावे.

आखणी, संख्या आणि गळती

दोन गटांची तुलना असेल तर किती रुग्ण लागतील हे आधी काढतात. समजा ओएचआयपी-१४ च्या गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते) ९ धरले आणि ५ गुणांचा फरक पकडायचा आहे. ५ टक्के चुकीची मुभा व ८० टक्के शक्ती (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) ठेवली तर (१.९६ + ०.८४) चा वर्ग ७.८४, त्याला २ ने व ८१ ने गुणून २५ ने भागले की ५०.८, म्हणजे प्रत्येक गटात ५१. वीस टक्के गळती धरली की ६४. विचलनाचा आकडा परदेशी निबंधातून उचलण्यापेक्षा आपल्याच बाह्यरुग्ण विभागातल्या वीस-तीस जणांवरून काढलेला बरा.

गळती इथे ऋतूप्रमाणे होते. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झाले की ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडावर येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. जानेवारीत तोंडाचे माप घेतलेला मजूर जुलैत सापडत नाही. जत-आटपाडीकडची माणसे उलट गाळपाच्या हंगामातच बाहेर असतात. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीत कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते, त्या पंधरवड्यात वारकरी घरांतल्या भेटी ठेवूच नयेत. भेटीची तारीख गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दिली तर रुग्ण येतो, कारण एसटीचे भाडे तो तसेही खर्च करणार असतो. गळालेल्यांना यादीतून पुसून उरलेल्यांची सरासरी काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. कवळी टोचली म्हणून ती कोनाड्यात ठेवणारा माणूसच सहसा परत येत नाही.

भारतात चिकित्सालयीन चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत होते. ती २००७ मध्ये सुरू झाली. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंद हवी. संमतिपत्र मराठीत, वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. सात वर्षांवरील मुलांची, पालकांच्या संमतीखेरीज, स्वतःची होकारनोंदही घेतात.

उपचारांनुसार दिसणारे चित्र

पूर्ण कवळी. पहिले माप, खास ट्रे करून दुसरे माप, चावा नोंदणे, मेणात दात लावून पाहणे आणि कवळी देणे अशा साधारण पाच भेटी होतात. देतानाच प्रश्नावली भरून घेणे निरर्थक आहे. पहिले काही दिवस कवळी टोचते, लाळ सुटते, ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहीत. चोवीस तासांनी व आठवड्याने घासून दुरुस्त्या कराव्या लागतात. स्नायू सरावायला सहा ते आठ आठवडे जातात, त्यामुळे खरे माप तीन महिन्यांनी. तक्रार बहुधा खालच्या कवळीची असते. टाळ्याचा आधार वरच्या कवळीला मिळतो. खाली जीभ सतत हलते आणि हाडही जास्त झिजते. टालग्रेन यांच्या १९७२ च्या दीर्घ पाहणीत खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. म्हणूनच २००२ च्या मॅकगिल सहमतीत दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या खुंट्यांवर) अडकणारी कवळी हा पहिला पर्याय सुचवला गेला. खर्च पाहता आपल्याकडे तो अजून अपवादच. चघळण्याची क्षमता मोजायला ठरावीक वजनाचे शेंगदाणे वीस वेळा चावायला लावून चाळणीतून किती गेले ते पाहतात. ही कसोटी आणि रुग्णाचे समाधान यांचा मेळ ढिला असतो : नीट न चावता येणाराही खूश असू शकतो, कारण गालांची बोळकी भरलेली असतात.

हिरड्यांचे उपचार. खोल सफाईनंतर प्रत्येक दाताच्या सहा जागी पॉकेट पुन्हा मोजायचे ते चार ते सहा आठवड्यांनी; लगेच प्रोब घातला तर भरत आलेली जोडणी उसवते. मिश्री लावणाऱ्या बायकांत दातांवरचा काळा थर आणि कीटण निघाल्यावर दात शिवशिवतात, फटी दिसू लागतात आणि ‘सफाईने दात हलले’ अशी तक्रार येते. पहिल्या आठवड्यात गुण बिघडतात, ते खरेच बिघडलेले असतात. आधी सांगून ठेवले नाही तर रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाही, आणि मिश्री पुन्हा सुरू होते, कारण ती हिरड्यांना बरी वाटते असा समज आहे. मिश्रीची नोंद ‘हो/नाही’ अशी नको : दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात, किती वर्षे. तंबाखूबद्दल विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारी बाई मिश्रीबद्दल विचारल्यावर ‘हो’ म्हणते, दोन्ही एकच असूनही.

तोंड न उघडणे. सुपारी व गुटख्यामुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठून तोंड आखडते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी मात्र पानातून आणि माव्यातून चालूच राहते. वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने तीनदा मोजून सरासरी घेतात. प्रौढात ते साधारण ३५ ते ४५ मिमी असते. गालात स्टेरॉइड व हायल्युरोनिडेजची इंजेक्शने आणि आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवत करायचा व्यायाम हा नेहमीचा क्रम. अंतर २० वरून २६ मिमी झाले की प्रबंधात ठळक सुधारणा लिहिली जाते. रुग्णाच्या लेखी पहिला प्रश्न जळजळीचा असतो : ठेचा, झणझणीत रस्सा तोंडाला लावता येतो का. ती जळजळ ० ते १० च्या पट्टीवर वेगळी मोजली नाही तर त्याला सर्वांत हवा असलेला फायदा नोंदीतच येत नाही. व्यायाम थांबला की तोंड पुन्हा आखडते, म्हणून सहा महिन्यांखालच्या निष्कर्षावर भिस्त ठेवू नये.

मुखकर्करोग. इथे ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची डोके-मानेसाठीची प्रश्नावली वापरतात. किरणोपचार सहा ते सात आठवडे चालतात आणि जीवनमान त्यांच्या अखेरीस तळाला जाते. वर्षभरात बऱ्याच बाबी सावरतात, कोरडे तोंड आणि चिकट लाळ मागे राहतात. काढायचे दात किरणांपूर्वी किमान दोन आठवडे आधी काढलेले हवेत, नाहीतर जबड्याचे हाड कुजण्याचा धोका.

गुणांचा अर्थ

संख्याशास्त्रीय फरक आणि रुग्णाला जाणवणारा फरक वेगळे. ओएचआयपी-१४ मध्ये अर्थपूर्ण बदलाची सीमा निरनिराळ्या अभ्यासांत सुमारे २ ते ५ गुण धरली गेली आहे. रुग्णसंख्या मोठी असली की एका गुणाचा फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. दुसरी अडचण तळाची. ‘वय झालं, दात जायचेच’ असे मानणारा म्हातारा उपचाराआधीच ६ गुण देतो. त्याचे गुण आणखी कमी व्हायला जागाच नसते. तिसरी, मापदंड सरकण्याची : नवे दात मिळालेला माणूस जुन्या हालांकडे नव्या नजरेने पाहतो. त्यामुळे शेवटच्या भेटीत ‘तेव्हा तुम्हाला खरेच किती त्रास होता’ असे मागे वळून विचारतात आणि ते गुण सुरुवातीच्या गुणांशेजारी छापतात. सरासरीबरोबर किती जणांचे गुण बिघडले हेही द्यावे. चाळीसपैकी पाच-सहा जणांचे नुकसान सरासरीत सहज बुडून जाते, आणि कुणाला कवळी देऊ नये हे त्या पाच-सहांच्या नोंदींतूनच कळते.