राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण : विद्यार्थ्यांनी आपल्या इयत्तेला अपेक्षित असलेले ज्ञान व कौशल्ये प्रत्यक्षात कितपत आत्मसात केली आहेत, हे देशभर एकाच मापाने तपासण्यासाठी भारतात घेतली जाणारी प्रमाणित चाचणी. शिक्षकवर्गात ती ‘नॅस’ या नावाने ओळखली जाते. शिष्यवृत्ती परीक्षेत होते तशी येथे कोणाची निवड होत नाही. नमुन्यादाखल घेतलेल्या शाळांतील काही मुलेच चाचणीला बसतात आणि अहवाल निघतो तो जिल्ह्याचा, राज्याचा व देशाचा. एकेका मुलाला गुणपत्रिका मिळत नाही.

सर्वेक्षणाचा आराखडा राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा (एनसीईआरटी) आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात सुरू झालेल्या या कामाला २०१७ मध्ये नवे वळण मिळाले. त्या वर्षी पहिली ते आठवीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवे याची विधाने, निश्चित झाल्या व प्रश्न त्यांच्याशी जोडले गेले. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी शासकीय व अनुदानित शाळांतील तिसरी, पाचवी आणि आठवीच्या मुलांची चाचणी झाली. १२ नोव्हेंबर २०२१ च्या फेरीत या तीन इयत्तांसोबत दहावीचाही, तसेच खाजगी विनाअनुदानित शाळांचाही समावेश होता. त्यानंतर परिषदेअंतर्गत स्थापन झालेल्या ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातील एकेक स्तर ओलांडून नुकत्याच पुढे आलेल्या मुलांची चाचणी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने घेतली.

अशा चाचणीचा खरा कस प्रश्ननिर्मितीत लागतो. बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय उगाच भरलेले नसतात. ०.५ आणि ०.२५ यांपैकी मोठी संख्या विचारल्यावर ०.२५ निवडणारे मूल बहुधा दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्णांकासारखे वाचत असते, आणि ही चूक किती मुलांची आहे हे कळणे शिक्षकाला बरोबर उत्तरांच्या टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगी पडते. प्रश्न आधी थोड्या मुलांवर अजमावून त्याची काठिण्यपातळी आणि भेदनक्षमता, म्हणजे विषय येणारी व न येणारी मुले वेगळी ओळखण्याची क्षमता, पाहिली जाते. हुशार मुलेच ज्यात अडखळतात आणि बाकीची सहज सुटतात, असा प्रश्न बहुधा सदोष असतो व वगळावा लागतो. प्रश्नपत्रिका अनेक माध्यमांत द्यायच्या असल्याने भाषांतरात प्रश्न अवघड किंवा सोपा होणार नाही, हेही पाहावे लागते. प्रतिसादांवरून गुण काढताना प्रश्नांच्या काठिण्याचा हिशेब धरणारा प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत वापरला जातो.

चाचणी घेण्यासाठी शाळेबाहेरील क्षेत्रीय अन्वेषक नेमले जातात. शाळेने आपल्याच कामाची परीक्षा घेऊ नये, हा त्यामागचा साधा विचार. २०२१ च्या फेरीत तिसरी-पाचवीची मुले प्रश्नपुस्तिकेतच खुणा करत आणि त्यांची उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने वाचल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर, अन्वेषक उतरवत असे. विद्यार्थी, शिक्षक व शाळा यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या असतात, त्यामुळे गुणांशेजारी परिस्थितीही नोंदवली जाते.

२०२१ च्या फेरीत गणिताची राष्ट्रीय सरासरी ५०० पैकी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत २१६ होती. हा उतार ठळक असला, तरी प्रत्येक इयत्तेची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने ‘इतके गुण गमावले’ असा थेट हिशेब त्यावरून मांडता येत नाही. २०१७ शी तुलना करतानाही, मध्ये कोविडकाळात शाळा बंद होत्या आणि सहभागी शाळांचे स्वरूप बदलले होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण याहून वेगळे आहे. त्यात स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जाऊन एकेका मुलाकडून अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. त्यामुळे शाळेत न जाणारे मूलही गणतीत येते. मात्र मोजमाप मूलभूत वाचन-गणितापुरते राहते. महाराष्ट्रातील पायाभूत व संकलित चाचण्या प्रत्येक मुलाच्या असतात आणि त्या वर्गशिक्षकच तपासतात, म्हणून उपचारात्मक अध्यापनाला, म्हणजे मागे पडलेल्या मुलाला त्याची उणीव पाहून पुन्हा शिकवण्याला, त्या जवळच्या आहेत.

सर्वेक्षणाची दुखरी बाजू म्हणजे राज्ये व जिल्हे यांच्या क्रमवारीचा मोह. क्रम सुधारण्यासाठी चाचणीपूर्वी नमुना प्रश्नपत्रिकांचा सराव करून घेतला जातो. मग वाढलेले गुण शिकण्याचे की सरावाचे, हे आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय लेखन, तोंडी अभिव्यक्ती, प्रयोग करण्याचे कौशल्य या गोष्टी बहुपर्यायी प्रश्नांच्या आवाक्यात फारशा येत नाहीत.