माळ्यावरची खार लांब नेऊन सोडली की प्रश्न मिटतो?

‘खार पिंजऱ्यात पकडा, गावाबाहेर सोडा, तीही सुखी, आपणही सुखी.’ कौलारू घरांत आणि जुन्या वाड्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागे दयाच असते, पण खारीचं त्यात भलं होत नाही.

माळ्यावर काथ्या-कापसाचं घरटं करणारी खार बहुधा मादी असते. तिची पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली जन्मतात. आई गेली की ती तिथेच उपाशी मरतात, आणि मग दुर्गंधी सुटते. नव्या जागी त्या खारीला ना खाणं ठाऊक, ना लपायची ठिकाणं. इकडे फट उघडीच राहिल्याने दुसरी खार येते. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत तर शेजारच्या कौलांवरून ती सहज पोचते, म्हणून दोन्ही घरांनी मिळून फटी शोधाव्यात.

आधी खात्री करा. आपल्याकडची पट्टेरी खार दिवसा वावरते. रात्री खुडबुड होत असेल तर बहुतेक उंदीर असतील. फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. दोन-तीन दिवस, पावसाचे नसलेले, तो जागचा हलला नाही तर ये-जा बंद आहे. हलला, तर टॉर्चने घरटं पाहा. पिल्लं असतील तर ती स्वतः बाहेर पडू लागेपर्यंत थांबा. मग सगळ्या खारी बाहेर असताना, भरदिवसा, फटीवर अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी ठोका. संध्याकाळी आतून आवाज आला तर लगेच उघडा.