नगर व प्रादेशिक नियोजन : विद्यापीठीय अध्ययन

जमीनवापर, लोकसंख्या, वाहतूक, पाणीपुरवठा आणि त्यांना लागू होणारा कायदा यांचा एकत्र अभ्यास करणारी विद्याशाखा. बी. प्लॅन. (बॅचलर ऑफ प्लॅनिंग) ही पदवी चार वर्षांची. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याला वास्तुविशारद व स्थापत्य अभियंतेही प्रवेश घेतात. पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात दोन्हींची सोय आहे.

भारतात हे शिक्षण केव्हा सुरू झाले याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ मध्येच या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला होता. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये स्कॉटिश नगरनियोजक पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. काही अभ्यासक तीच सुरुवात मानतात. मात्र तेथे नियोजनाची पदवी नव्हती आणि १९२४ मध्ये गेडिस गेल्यावर विभागाचा कल समाजशास्त्राकडे वळला. त्यामुळे १९४० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याजवळील शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात निघालेला अभ्यासक्रम हा आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सर्वेक्षणाआधी आराखडा नको, हा गेडिसचा आग्रह मात्र सर्वत्र टिकला.

अभ्यासाचा कणा म्हणजे स्टुडिओ, म्हणजे खरे शहर घेऊन त्याचा आराखडा करण्याचे प्रकल्पकाम. नाशिकसारखे शहर घेतल्यास पहिले काम विद्यमान जमीनवापर नकाशाचे : निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल. पुढची पायरी लोकसंख्येची, आणि चुका होतात त्या इथेच. महानगरपालिका १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून झाली. त्यामुळे १९७१ चे आकडे घटकवार बेरीज करूनच घ्यावेत, नाहीतर हद्दवाढच लोकसंख्यावाढ म्हणून दिसते. देवळाली छावणी परिषद (लष्करी छावणीची स्वतंत्र स्थानिक संस्था) हद्दीबाहेर असल्याने तिची बेरीज यात करू नये.

शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १०.७७ लाख, तर २०११ मध्ये १४.८६ लाख होती. २०२१ ची जनगणना न झाल्याने आधार याच आकड्यांचा. २०३१ साठी अंकगणिती पद्धतीने (दर दशकात तेवढीच भर) सुमारे २३ लाख येतात, गुणोत्तर म्हणजे भूमितीय पद्धतीने (दर दशकात त्याच दराने वाढ) २८ लाख. माणशी रोज १३५ लिटर धरल्यास या फरकापोटी दिवसाला सुमारे सात कोटी लिटर पाणी कमीजास्त होते. म्हणून पद्धत का निवडली हे अहवालात लिहिलेच पाहिजे. कुंभमेळ्याची गर्दी कायम लोकसंख्येत मिळवू नये. तपोवनातील साधुग्राम, घाट व वाहनतळ यांची मागणी वेगळी काढावी.

गोदाकाठी निळी पूररेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) व लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा) आधी नकाशावर उतरवावी लागते; निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम दाखवता येत नाही.

कायद्यापुरता पाया १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यातील कलम १२७ विद्यार्थ्यांकडून हमखास दुर्लक्षिले जाते. आरक्षित, म्हणजे विकास योजनेत सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली, जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. म्हणून प्रत्येक आरक्षणापुढे संपादनखर्च व निधीचा मार्ग लिहावा. नाशिकच्या विकास योजनेचा बहुतांश भाग २०१७ मध्ये मंजूर झाला. त्यातील आरक्षणांची दहा वर्षे २०२७ पासून भरू लागतात.