एम ४० आणि एम ७३ : मेसिएच्या यादीतले दोन ‘रिकामे’ क्रमांक

मार्चअखेरची अमावास्या आली की दुर्बिणी बाळगणारी मंडळी मेसिए मॅरॅथॉनची तयारी करू लागतात. अठराव्या शतकातला फ्रेंच धूमकेतूशोधक शार्ल मेसिए याने धूमकेतूसारख्या भासणाऱ्या वस्तूंची यादी केली होती. एका रात्रीत त्या यादीतल्या ११० वस्तू (एम १ ते एम ११०) बघायच्या आणि वहीत एकेकीपुढे खूण करत जायचं. या रात्री दोनदा हमखास एकच प्रश्न येतो. एखादा नवखा डोळा लावतो, थोडा वेळ बघतो आणि मागे वळून विचारतो, “हेच का? इथे तर नुसते तारेच आहेत.”

पहिल्यांदा हे होतं एम ४० ला, दुसऱ्यांदा एम ७३ ला. ना दीर्घिका, ना तेजोमेघ, ना तारकागुच्छ. म्हणून पुस्तकांत हे दोघे एकाच वाक्यात येतात: ‘मेसिएच्या चुका’. मला हे पटत नाही. दोन्ही ठिकाणी हाती तारेच लागतात हे खरं, पण मेसिए तिथे ज्या वाटांनी पोचला त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

एम ४० सप्तर्षीत आहे. खाटेला शेपूट जिथे जुळते तो चौघांतला मंद तारा म्हणजे अत्री. तिथून ईशान्येला दीड अंशाच्या आत नवव्या-दहाव्या प्रतीचे दोन तारे शेजारी शेजारी दिसतात (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). त्यांच्यात जेमतेम ५० विकलांचं अंतर आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). शेजारच्या वसिष्ठ-अरुंधतीत हेच अंतर ७०० विकलांच्या आसपास भरतं, म्हणजे त्या जोडीच्या मानाने ही चिमुकलीच. छोट्या दुर्बिणीतही दोघे स्वच्छ वेगळे दिसतात. धूसरपणा नावालाही नाही.

मग यादीत कसे आले? १७६४ साली मेसिए जुन्या निरीक्षकांच्या नोंदी पडताळत होता. योहानेस हेवेलियसने सतराव्या शतकात या भागात एक तेजोमेघ नोंदवला होता. मेसिएने तो शोधला. मेघ नव्हता, दोन तारे होते. हेवेलियस यांनाच फसला असावा असं त्याने ठरवलं आणि तरीही त्यांना ४० क्रमांक देऊन टाकला. गंमत अशी की जुन्यांच्या नोंदींतल्या ज्या वस्तू त्याला सापडल्या नाहीत त्यांची त्याने वेगळी, बिनक्रमांकाची यादी दिली आहे. ही नोंद तिथे शोभली असती. क्रमांक का दिला याचे तर्क बरेच आहेत. काहीजण म्हणतात, फ्रेंच खगोलज्ञ लाकाईने दक्षिण आकाशातल्या ४२ वस्तूंची यादी केली होती आणि मेसिएला आपला आकडा त्याच्या वर न्यायचा होता. त्याची पहिली यादी ४५ वर थांबते आणि शेवटी कृत्तिकाही आहेत, ज्यांना धूमकेतू समजणं कुणालाच शक्य नाही. तेव्हा तर्क खोटा वाटत नाही, इतकंच.

म्हणजे एम ४० मध्ये मेसिए फसलेला नाही. त्याने जे लिहिलं ते बरोबर आहे: दोन तारे. १८६३ मध्ये जर्मन खगोलज्ञ विनेकेने हीच जोडी स्वतंत्रपणे नोंदवली, म्हणून तिला ‘विनेके ४’ असंही म्हणतात.

एम ७३ ची गोष्ट वेगळी. ४ ऑक्टोबर १७८०, कुंभ रास. मेसिएचा सहकारी मेशँ याने काही आठवड्यांपूर्वी शोधलेला एम ७२ मेसिए तपासत होता. तो गोलाकार तारकागुच्छ आहे, पण त्या काळच्या दुर्बिणीत नुसता फिकट ठिपका. त्याच्या पूर्वेला सव्वा-दीड अंशावर मेसिएला तीन-चार बारीक ताऱ्यांचा पुंजका दिसला. पहिल्या नजरेत तेजोमेघासारखा, आणि त्यात थोडी धूसरताही आहे, अशी त्याची नोंद आहे. ती धूसरता तिथे नाही.

आता त्याची अडचण बघा. पॅरिसहून हा भाग आकाशात फार तर २८ अंश वर येतो, म्हणजे क्षितिजालगतची जाड हवा मध्ये. हाताशी दुर्बीण साधारण साडेतीन इंची. चार तारे, सगळे दहाव्या प्रतीहून मंद, जेमतेम तीन कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागेत कोंबलेले. आपल्याकडे हीच जागा ५८ अंशांपर्यंत चढते, तरीसुद्धा कमी वर्धनाची नेत्रिका लावून अंमळ तिरकी नजर टाकली की क्षणभर तिथे धुकं वाटतं. वर्धन वाढवलं की धुकं विरतं आणि इंग्रजी वाय अक्षरासारखे चार ठिपके उरतात. मेसिए फसला यापेक्षा तो कशाने फसला हे आपल्याला आजही डोळ्यांनी बघता येतं, म्हणून मला ही वस्तू आवडते.

दोघांचा निकालही वेगवेगळ्या प्रश्नाने लागला. एम ४० बद्दलचा प्रश्न असा: ही द्वैती आहे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी खरी जोडी, की नुसती एका रेषेत आल्याने दिसणारी? अंतर मोजलं की काम झालं. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांप्रमाणे एक तारा साडेचारशे प्रकाशवर्षांच्या आसपास आहे, दुसरा अकराशेच्या पुढे. एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

एम ७३ ला मात्र कोर्टकचेरी बरीच झाली. तो विरळ, म्हातारा झालेला खुला तारकागुच्छ आहे की तारकाकृती, म्हणजे योगायोगाने जुळलेला आकार? खगोलज्ञ जॉन हर्शेलने त्याला आपल्या यादीत घेतलं होतं, त्यामुळे तिच्यावरून पुढे झालेल्या एनजीसी या मोठ्या यादीत तो एनजीसी ६९९४ ही आहे. एम ४० ला असा क्रमांक नाही. २००० साली ताऱ्यांच्या रंग आणि तेजस्वितेवरून तो गुच्छच असल्याचं मांडलं गेलं. २००२ मध्ये ओडेनकिर्खेन आणि सूबिराँ यांनी त्यातल्या सहा ठळक ताऱ्यांचे वर्णपट तपासले. गुच्छातले तारे एकत्र जन्मलेले असतात, एकाच वेगाने सरकतात. इथे वेगही जुळेनात, अंतरंही. पुढे गायाने शिक्कामोर्तब केलं: चौघे हजार ते तेवीसशे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात पांगलेले.

मेसिएची यादी होती धूमकेतू शोधणाऱ्यांना इशारा देण्यासाठी: इथे फसू नका. त्या मापाने पाहिलं तर उलटाच हिशेब निघतो. ज्यात तो चुकला तो एम ७३ यादीत रीतसर बसतो, कारण तो खरोखर फसवतो. ज्यात तो बरोबर होता तो एम ४० मात्र तिथे उपरा आहे. दोन टोकदार ताऱ्यांना धूमकेतू कोण म्हणेल?

या दोघांना हरवलेल्या मेसिएंमध्येही धरू नये. एम ४७, ४८, ९१ हे हरवले होते, म्हणजे दिलेल्या जागी काही नव्हतं, कारण आकडेमोड चुकली होती. एम १०२ चं दुखणं अजून निराळं. मेशँने स्वतःच १७८३ मध्ये तो एम १०१ चीच पुनरुक्ती असल्याचं कळवलं होतं. एम ४० आणि एम ७३ ची जागा मात्र पहिल्यापासून बिनचूक आहे.

मॅरॅथॉनमध्ये एम ४० ची खूण रात्री दहापर्यंत होऊन जाते. एम ७३ साठी पहाटे पावणेपाचपर्यंत जागावं लागतं. पूर्वेला एम ७२ धरायचा आणि तसंच पूर्वेकडे तीन चंद्रांइतकं सरकायचं. वर्धन कमीच ठेवा, घाईने वाढवू नका.